कुठं चावला?

बसा. घाई नाही. पार जवळ असेल तर पारावर बसा, ओटा असेल तर ओट्यावर, शहरात असाल तर खिडकीशी. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. डोळे मिटायलाही नकोत, कारण आज ध्यान लावायचं नाही, मनन करायचं आहे. जुन्या शिकवणीत आधी श्रवण येतं, मग मनन. ऐकल्याशिवाय मनन होत नाही. म्हणून आज एक गाणं ऐकू, तेही हसवणारं, आणि ते संपल्यावर लगेच उठायचं नाही एवढं ठरवून घेऊ.

जागा वडवणी धरू. बीडहून परळीच्या रस्त्याला लागलं की तेलगावच्या अलीकडचं हे तालुक्याचं गाव. दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर, उत्तरेला माजलगावकडे आणि पुढे गोदावरीकडे उतरत जाणारी काळी रानं. महिना फाल्गुन. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या आहेत. पळसाला पानं तीन म्हणतात, पण या महिन्यात तीही नसतात, नुसती फुलं असतात. गावातल्या काही घरांना अजून कुलूप आहे. दसरा-दिवाळी झाली की इथली बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. काही कोयते आले, काही यायचे आहेत. घरी राहिलेली म्हातारी माणसं संध्याकाळी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघतात. त्यांच्या शेजारी थोडी जागा करून बसा.

आता ओंजळीत एक तबकडी घ्या. खेड्यात तिला रेकॉर्ड म्हणायचे आणि अनेकवचनी रेकॉर्डी. जुन्या रेकॉर्डी लाखेच्या असत, प्लास्टिक नंतर आलं. मननासाठी आपण लाखेचीच घेऊ. वजन जाणवू द्या. ताटलीएवढी, दहा इंचांची, काळी, आणि हातातून सुटली तर काचेसारखी फुटणारी.

लाख कुठून येते? पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांना एक इवलासा किडा चिकटतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. हजारो किड्यांची कवचं एकमेकांना लागून फांदीवर पापुद्रा धरतात. तो खरवडायचा, धुवायचा, वितळवायचा, मग चपडी लाख होते. बांगड्यांत ती असते, जुन्या दस्तऐवजांच्या मोहरेत असते, आणि दगडाची पूड नि काजळी मिसळून तापवून दाबली की रेकॉर्ड होते. कोलकत्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात अशा तबकड्या निघत. तेव्हा समोरच्या डोंगराकडे एकदा बघा. ज्या झाडाखालून वडवणीची गुरं रोज जातात, त्या जातीच्या झाडावरच्या किड्याने स्वतःच्या रक्षणासाठी केलेल्या कवचावर माणसाने आपलं हसू कोरून ठेवलं. मी या गोष्टीशी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. तुम्हीही थोडं थांबा.

तबकडीवर बोट फिरवा, हलक्या हाताने. रेषा पुष्कळ दिसतात, पण प्रत्यक्षात एका बाजूला एकच रेष असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. मिनिटाला 78 फेरे. साधारण तीन मिनिटांचं गाणं, म्हणजे 234 फेरे. जात्यावर पायलीभर दळताना किती फेरे होतात ते ओट्यावरच्या म्हातारीला विचारा, ती मोजून सांगणार नाही. पण दळणाला लय लागली की ओवी आपोआप येते, एवढं ती सांगेल. फिरणाऱ्या दगडातून गाणं निघतं हे तिला ग्रामोफोन येण्याच्या आधीपासून ठाऊक आहे.

आता चावी द्या. सुई बसवा. सुई पोलादी, पुढच्या वेळी बदलावी लागणारी. आधी खरखर येईल. ती टाळू नका, ऐका. काळ्या रानावरून वारा गेल्यासारखी ती खरखर आहे, आणि तिच्यामागून एकदम एक माणूस ओरडतो. त्याला विंचू चावला आहे.

हे भारूड संत एकनाथांचं. पैठणला 1533 मध्ये जन्मलेले नाथ 1599 च्या फाल्गुन वद्य षष्ठीला गेले. म्हणून रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नाथषष्ठी येते आणि पैठणला दिंड्या जमतात. शिमगा, रंग आणि नाथांची पुण्यतिथी सहा दिवसांत एकामागोमाग. नाथांची भारुडं तीनशेच्या आसपास मोजली जातात. त्यांत जोशी आहे, वासुदेव आहे, गारुडी आहे, भुत्या आहे, नवऱ्याला कंटाळलेली बाई आहे, सासर नाहीसं व्हावं म्हणून देवीला रोडगा कबूल करणारी सून आहे, आणि हा विंचू आहे. पंडिताने संस्कृतात जे सांगितलं असतं ते नाथांनी बाजारातल्या माणसाच्या तोंडी दिलं. आणि हसत दिलं.

हे भारूड शाहीर साबळ्यांनी रेकॉर्डवर गायलं. कृष्णराव गणपतराव साबळे, 1923 मध्ये वाईजवळच्या पसरणीला जन्मलेले. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ त्यांनी रंगमंचावर आणली, मुक्तनाट्यं केली, आणि राज्यगीत म्हणून 2023 मध्ये स्वीकारलेलं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ महाराष्ट्राला त्यांच्याच आवाजात पाठ आहे. ज्या गळ्यातून ते स्फुरण आलं, त्याच गळ्यातून विंचू चावलेल्या माणसाची ती तळमळ आली. एकाच माणसाला हे दोन्ही साधणं मला फार मोठं वाटतं. विनोदी गाणं म्हणणारा हलका गायक, असा एक समज आपल्याकडे मुरलेला आहे. तो घटकाभर बाजूला ठेवून ऐका. वेदनेचा सूर आणि हशाचा सूर यांच्यात केसाएवढं अंतर असतं, आणि त्या केसावर चालायला गळा पक्का लागतो.

गाणं थोडं पुढे जाऊ द्या.

आता आपल्या आत काय झालं ते पाहा. माणूस ओरडला आणि आपण हसलो. किंवा ओठ तरी हलले. का? कुणाच्या दुःखाला हसण्याएवढे आपण वाईट नाही. तरी हसलो. हे हसू कुठून उठलं ते शोधा, पोटातून की छातीतून की नुसतं नाकातून. त्याला चांगलं-वाईट म्हणू नका, नुसतं त्याच्याजवळ बसा.

आणि आता खरा विंचू आठवा. वडवणीच्या आसपास ज्याने पाचटात हात घातला आहे, दगडाचा बांध उचलला आहे, पावसाच्या तोंडावर कौलं चाळली आहेत, त्याला आठवावा लागत नाही. उसाच्या फडाजवळ तोडणीवाल्यांच्या कोप्या असतात, जमिनीलगत, पालाच्या नाहीतर पाचटाच्या. लेकरं त्यातच निजतात. लाल विंचवाचा दंश म्हणजे आग, आणि लहान लेकराच्या बाबतीत पूर्वी पुष्कळदा मरण.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचा एक मुलगा डॉक्टर झाला आणि 1970 च्या दशकात कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर मरत होती. ते खाटेशी बसून राहिले आणि काय होतं ते घडीघडीला टिपत गेले. दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी आणि तोंडाला फेस. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध इथे उपयोगी पडेल हे त्यांनी दाखवून दिलं. त्याआधी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावत, औषधानंतर ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. हे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या डॉक्टरांनी वाचलं, आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बावस्करांच्या टिपणांतलं पहिलं लक्षण काय? घाम. आणि नाथांच्या भारुडात चावल्याबरोबर अंगाला येतो तो काय? घामच. नाथ त्याला तमाचा घाम म्हणतात. विंचू त्यांच्या लेखी काम-क्रोधाचा आहे, वेदना संसाराची आहे, उतारा सत्त्वगुणाचा आहे. पण रूपक बांधताना त्यांनी शरीर सोडलेलं नाही. कुणाला तरी खरोखर विंचू चावलेला पाहिलेल्या माणसाची ती नजर आहे, खाटेशी बसलेल्या माणसाची. चारशे वर्षांच्या अंतराने मराठवाड्यातल्या दोन माणसांनी एकच घाम पाहिला. एकाने त्यावर औषध शोधलं, दुसऱ्याने गाणं केलं.

इथे सुई उचला. थोडा वेळ शांत बसा. घाम, एवढाच शब्द मनात राहू द्या. फडातला घाम, तापातला घाम, मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीचा हिशोब मांडला की कपाळावर येतो तो घाम, लेकीचं लग्न ठरताना येतो तो. नाथांच्या शब्दात या सगळ्यांना जागा आहे.

सुई पुन्हा ठेवा.

आता मुख्य गायकाला सोडा आणि त्याच्या मागच्या माणसांकडे कान द्या. भारूड एकट्याने होत नाही. मागे टाळ घेतलेले, झील धरणारे उभे असतात. झीलकरी नुसते धृपद उचलत नाहीत, ते विचारतात. काय झालं बुवा? कुठं चावला? लई आग होतेय का? मग काय केलं? भारूडकार रंगात आला की पाच ओळींचं पद तासभर चालतं, ते या प्रश्नांमुळे. तो उत्तर देताना गावातल्या गोष्टी आत आणतो, बंद पडलेल्या हातपंपापासून चावडीतल्या भांडणापर्यंत. रात्री दहाला चावलेला विंचू कधीकधी पहाटेच्या काकड्याला उतरतो.

भारूड पाहिलेल्या माणसाला सोंग आठवतं, साडी नेसलेला पुरुष आठवतो, त्याची उडी आठवते. झीलकऱ्याचा चेहरा सहसा कुणाला आठवत नाही. मला मात्र सगळा जीव तिथे आहे असं वाटतं. कारण तो विचारतो. कुणीतरी कळवळून ओरडतो आहे आणि एक माणूस टाळ थांबवून त्याच्याकडे वळतो आणि म्हणतो, कुठं? आपल्या आयुष्यात असं किती वेळा होतं? दुःख सांगणारे पुष्कळ, सल्ला देणारे त्याहून पुष्कळ. कुठं दुखतंय हे विचारून उत्तर संपेपर्यंत टाळ खाली धरून उभा राहणारा एखादाच.

एक काम करा. तुम्हाला असं विचारणारा माणूस आठवा. आई असेल, वस्तीवरचा कुणी असेल, एसटीत शेजारी बसलेला अनोळखी असेल. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. त्याने विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं? खरं सांगितलं होतं, की काही नाही म्हणाला होतात?

मराठवाड्यातली माणसं दुःख सरळ सांगत नाहीत. पाऊस गेला, पीक गेलं, अंगावर उचल राहिली, हे जसंच्या तसं सांगायला जीभ उचलत नाही. मग ते गमतीने सांगतात. अवंदा सोयाबीनला शेंगाच लागल्या नाहीत म्हणून काढायचा खर्च वाचला, असं म्हणून माणूस हसतो आणि ऐकणारे हसतात. ते हसणं ऐकून परगावच्याला वाटतं, काय आनंदी लोक आहेत. ते आनंदी असतातही. पण त्या गमतीत एक प्रश्न ठेवलेला असतो, कुणी विचारतंय का बघायला. भारुडाने या गोष्टीला चारशे वर्षांपूर्वी रचना दिली: एक जण हसवत हसवत ओरडेल आणि दुसरा विचारेल.

शेजारच्या माजलगावात, भीमनगरच्या बायकांनी 1996 मध्ये जात्यावरच्या ओव्या टेपवर गायल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी उभ्या केलेल्या त्या मोठ्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत. ओवीलाही दोघी लागतात, खुंट्याला दोन हात लागतात तसंच. एकीने ओवी उचलायची, दुसरीने धरायची. धरणारी नसेल तर दळण होतं, ओवी निघत नाही.

आणि लाखेच्या रेकॉर्डला वेळ असे साधारण तीन मिनिटं. एक बाजू. रात्रभराचं भारूड त्या लाखेत बसवायचं तर काहीतरी बाहेर ठेवावं लागणार. सोंग बाहेर राहिलं, कारण लाखेला डोळे नाहीत. गावच्या गोष्टी बाहेर राहिल्या, कारण दमदमला दाबलेली तबकडी वडवणीतही वाजणार होती आणि वसईतही. झीलकऱ्यांचे प्रश्न आले, पण मोजून मापून. आणि ज्यांच्यासाठी सगळं चाललं होतं ती समोर बसलेली, हसणारी माणसं पूर्णच बाहेर राहिली. स्टुडिओच्या बंद खोलीत विनोदी गाणं म्हणणाऱ्या माणसाची ती अवस्था मनात आणून पाहा. त्याने ओरडायचं, आणि समोर शांतता. ज्या जागी गावात हशा फुटतो, त्या जागी त्याने नुसता श्वास सोडायचा आणि पुढची ओळ घ्यायची. ती रिकामी जागा तबकडीत राहतेच. लक्ष देऊन ऐकलं की सापडते.

दूरच्या एका रेकॉर्डची इथे आठवण येते. अमेरिकेत जॉनी कॅश नावाचा गायक होता, तिकडच्या गावाकडच्या गाण्यांचा. 24 फेब्रुवारी 1969 ला तो कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात कैद्यांसमोर गायला. त्यात शेल सिल्व्हरस्टीनचं एक नवं, गमतीचं गाणं होतं. बापाने पोराला मुलीचं नाव ठेवलं आणि घर सोडून गेला. पोरगा आयुष्यभर त्या नावापायी लोकांच्या हशाचा धनी झाला, मारामाऱ्या करत मोठा झाला, आणि एक दिवस बाप समोर आला. गाणं इतकं नवं होतं की कॅशने ते कागदावर बघून म्हटलं. त्याच उन्हाळ्यात ते स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून बाहेर आलं आणि तिकडच्या लोकप्रियतेच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्या रेकॉर्डवर कैद्यांचं हसणं आहे. ते पुसलं असतं तर तेच शब्द, तोच सूर, पण गाणं अर्धं राहिलं असतं. बाप सोडून गेलेल्या पोराच्या गोष्टीला हजारभर कैदी हसतात, त्यातल्या कितींचे बाप गेले असतील, कितींनी आपली पोरं मागे सोडली असतील. तो हशा ऐकताना मला दरवेळी वाटतं की ही माणसं उत्तर देत आहेत.

आपल्या विंचवाला असा तुरुंग मिळाला नाही. त्याला लग्नाचा मांडव मिळाला.

मांडवाच्या बाजूला बांबूवर, नाहीतर लिंबाच्या फांदीला कर्णा बांधलेला. खाली टेबलावर यंत्र, शेजारी रेकॉर्डींची पेटी, आणि स्पीकरवाल्याभोवती पोरांचा गराडा. सनई वाजून झाली, देवाची गाणी झाली, जेवणाच्या पंगती बसल्या, आणि मग त्याने हे लावलं. अर्ध्या कोसावर मोट धरणाऱ्यालाही ऐकू गेलं असेल. तबकडी विचारत होती थोडं, पण मांडव जास्त विचारत होता. रेकॉर्डमधला माणूस ओरडला की वाढणारा पातेलं खाली ठेवून विचारायचा, कुठं रं? पंगतीतला एखादा आजा आपल्याच व्याह्याकडे बोट दाखवायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. स्टुडिओतल्या त्या रिकाम्या जागा मांडव भरून टाकायचा, प्रत्येक गावाचा मांडव वेगळ्या शब्दांनी. कंपनीने एकच गाणं विकलं होतं, पण जितके मांडव तितकी ती गाणी झाली. हे मनन इथे थोडं रेंगाळू द्या. मला हा प्रसंग सोडवत नाही.

मांडवासारखंच हसणारं एक गाव इथून जवळ आहे. केज तालुक्यातल्या विड्याला धुळवडीच्या दिवशी जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. ही प्रथा कित्येक दशकांची. दिवस जवळ आला की जावई लपतात आणि गाव त्यांना शोधतं. मिरवणूक झाली की त्यांना नवे कपडे करतात. एरवी ज्याच्यासमोर पाट-चौरंग मांडायचा, ज्याच्या रुसण्याला घर घाबरतं, त्याला एक दिवस सगळं गाव हसतं, आणि तोही शेवटी हसतो. त्या हसण्याच्या क्षणी त्याच्या खांद्यावरून काय उतरतं ते बघायला मी मनाने पुन्हा पुन्हा तिथे जातो. तुम्हाला कधी कुणी मायेने हसलं असेल, ते आठवा. टोचून हसलेलं बाजूला राहू द्या, ते आपोआप आठवतं. मायेने हसलेलं मुद्दाम आठवावं लागतं.

रेकॉर्डी गेल्या. 1980 च्या दशकात कॅसेटी आल्या, स्वस्त, न फुटणाऱ्या. एसटी स्टँडच्या टपरीवर त्या टांगलेल्या असत, आणि टेप घेऊन माणूस फडावर जाऊ शकत होता. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज तसा गावोगाव गेला, त्यांच्या मुलांचाही. मग मोबाईल आला. 2017 मध्ये ‘सोनू’चं गाणं एका गावातून दुसऱ्या गावात कसं पळालं ते आठवतं का? त्याचा साचा भारुडाचाच होता, एकाने विचारायचं आणि बाकीच्यांनी झील धरायची. म्हणून तर ते कुणालाही वापरता आलं. मुंबईत आरजे मलिष्काने त्याच चालीवर रस्त्यांच्या खड्ड्यांबद्दल महापालिकेला विचारलं आणि केवढा गदारोळ झाला. खेड्यांत कुणी शिक्षकांबद्दल केलं, कुणी कर्जाबद्दल, कुणी भावाबद्दल. सगळी सारखी चांगली नव्हती. काही तर कानाला नकोशी होती. पण माणसं एका गाण्याला उत्तर देत होती, आणि ते ऐकताना मला मांडवातला वाढपी आठवत होता.

विचारणं गाण्यापुरतंच नाही. पैठणच्या धरणाच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. त्याचा उजवा कालवा बीड जिल्ह्यातून वाहत येऊन माजलगावच्या धरणाला मिळतो. ज्या वर्षी वरून पाणी सुटतं त्या वर्षी इकडे लोक कालव्याच्या कडेला उभे राहून नुसतं बघतात. आलं का, कुठवर आलं, असं एकमेकांना विचारतात. पाणी बोलत नाही, तरी विचारतात.

आता तबकडीकडे परत या. सुई आतल्या वळणांवर आली आहे. विंचू उतरायला लागला आहे. नाथांनी तो एकदम उतरवलेला नाही हे लक्षात घ्या. उतारा दिल्यावरही थोडी ठुसठुस राहते, आणि ती शांत करायला ते आपल्या गुरूंचं, जनार्दनस्वामींचं नाव घेतात. तुमच्या आतली जी ठुसठुस आहे तिला आज काही करायचं नाही. ती आहे, एवढं माहीत असू द्या.

गाणं संपलं. पण सुई लगेच उचलू नका. शेवटच्या कोऱ्या फेऱ्यात ती फिरत राहते, खर्र, खर्र, जात्यासारखी. बाहेर अंधार पडला आहे. ओट्यावरची म्हातारी अजून रस्त्याकडे बघते आहे. दूर कुठल्याशा फडाजवळच्या कोपीत तिचा मुलगा आणि सून दिवसाची मोळी टाकून बसले असतील. चुलीवर भाकरी, मोबाईलची बॅटरी लाल झालेली, आणि त्यावर लावलेलं हेच भारूड, किंवा याच्यासारखं दुसरं. मुलगा तोच तो आवाज काढून ओरडतो, पायाला धरून, लेकराला हसवायला. लेकरू हसतं.

सून भाकरी थापताना थांबते. पिठाचे हात तसेच धरून त्याच्याकडे बघते, आणि विचारते.